आधी घरचा फोन आवरू या

पालकहो, सातवी-आठवीतल्या मुलाच्या हातात संध्याकाळी जो मोबाईल दिसतो, तो बहुतेक घरांत त्याचा स्वतःचा नसतो. आईचा असतो. बाबा कामावरून आले की बाबांचा, सुट्टीत गावी गेलं की आजोबांचा. वर्गाच्या ग्रुपवर गृहपाठ आलाय का हे बघायला म्हणून मूल फोन मागतं. अर्ध्या तासाने आई डोकावते, तर गृहपाठ कुठल्या कुठे राहिलेला असतो आणि एकामागून एक रील चालू असतात. मग ओरडा, मग रडारड, मग फोन कपाटात. दुसऱ्या दिवशी गृहपाठ पुन्हा ग्रुपवरच येतो आणि कपाट उघडावंच लागतं.

मी शाळेत शिकवते, त्यामुळे या भांडणाच्या दोन्ही बाजू माझ्या कानावर येतात. आईचं चिडणं मला समजतं आणि मुलाचं रडणंही. पण आज मला तुमच्याशी मुलांविषयी थोडं आणि फोनविषयी जास्त बोलायचं आहे. दुकानातून फोन जसा हातात येतो, तसाच आपण तो वर्षानुवर्षं वापरतो. समोर काय दिसावं, कधी वाजावं, काय आपोआप सुरू व्हावं, हे सगळं आधीच कुणीतरी ठरवून दिलेलं असतं. ज्यांनी ते ठरवलं, त्यांच्यापैकी अनेकांचं उत्पन्न जाहिरातींवर चालतं. आपण जितका वेळ पडद्यासमोर बसू, तितका त्यांचा फायदा. ही मांडणी आपल्याला बदलता येते. रोज दटावण्यापेक्षा ते सोपं आहे, आणि त्याचा परिणाम जास्त दिवस टिकतो.

घरात फोन एकच आणि वापरणारे चार, ही स्थिती किती सर्वत्र आहे ते ‘असर’ या शालेय शिक्षणाच्या पाहणीच्या २०२४ च्या अहवालात दिसतं. त्यातले हे आकडे ग्रामीण भारतातल्या १४ ते १६ वर्षांच्या मुलांचे. जवळपास ९० टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन आहे, ८२ टक्के मुलांना तो वापरता येतो. पण वापरता येणाऱ्यांपैकी स्वतःचा फोन असलेली मुलं एक तृतीयांशाच्या आसपासच. आदल्या आठवड्यात अभ्यासासाठी फोन वापरला असं ५७ टक्के मुलांनी सांगितलं, समाजमाध्यमांसाठी वापरला असं ७६ टक्के मुलांनी. म्हणजे मोठ्यांचा फोनच मुलांची शाळा आहे आणि तोच मुलांची जत्रा. मुलाचा फोन कसा असावा याची चर्चा आपण दहावीनंतर करू म्हणतो, पण तो प्रश्न तुमच्या खिशात आजच आहे.

तेव्हा सुरुवात स्वतःच्या फोनपासून करा. आणि सगळ्यात आधी हात घाला नोटिफिकेशनना, कारण लक्ष मोडायला तिथूनच सुरुवात होते.

आज संध्याकाळी फोन हातात घ्या आणि वरची पट्टी खाली ओढा. तिथे साचलेल्या सूचनांपैकी माणसाने पाठवलेल्या किती, ते बघा. कुठल्या तरी दुकानाची सवलत, जेवण मागवायच्या ॲपचं ‘भूक लागली का?’, कधीकाळी उघडलेल्या खेळाचं ‘परत या’, एका बातमीच्या ॲपवर ‘धक्कादायक’ म्हणून आलेली साधीच बातमी. यात बहिणीचा निरोप कुठेतरी खाली दबलेला असतो. माझा नियम सरळ आहे. जिवंत माणसाने मला उद्देशून पाठवलेलं, बँकेचं आणि शाळेचं, एवढंच वाजावं. बाकी सगळं बंद. सेटिंगमध्ये जाऊन एका बैठकीत सगळी ॲप तपासायचा कंटाळा येत असेल तर दुसरी रीत आहे: नको असलेली सूचना आली की पुसून टाकायची नाही, तिच्यावर बोट दाबून धरायचं. तिथेच ती कायमची बंद करायचा पर्याय येतो. आठवडाभर हे केलं की फोन आश्चर्य वाटावं इतका शांत होतो.

लक्ष एकदा मोडलं की ते परत लागायला वेळ लागतो, हे आपल्याला स्वयंपाकघरातही कळतं आणि कचेरीतही. कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या ग्लोरिया मार्क या संशोधक गेली वीस वर्षं याचाच अभ्यास करत आहेत. २००४ च्या सुमारास त्यांनी संगणकावर काम करणाऱ्या माणसांचं निरीक्षण केलं, तेव्हा माणूस एका पडद्यावर सरासरी अडीच मिनिटं टिकत होता. अलीकडच्या वर्षांत हा काळ ४७ सेकंदांवर आला आहे. लक्षात घ्या, ही मोजणी मोठ्या, नोकरी करणाऱ्या माणसांची आहे. मुलांचं लक्ष लागत नाही अशी तक्रार करताना आपलंही लागत नाही, हे मान्य करून पुढे गेलेलं बरं.

आता व्हॉट्सॲप. मराठी घरातला खरा गोंगाट तिथे असतो. सोसायटीचा ग्रुप, भिशीचा ग्रुप, माहेरचा, सासरचा, शाळेतल्या जुन्या मैत्रिणींचा, कचेरीचा, आणि मुलाच्या वर्गाचे दोन: एक बाईंचा आणि एक पालकांनी आपापसात काढलेला. यातला कुठलाच सोडवत नाही, सोडला तर माणसं दुखावतात. सोडायची गरजही नाही. ग्रुप कायमचा म्यूट करता येतो, कुणाला कळत नाही. म्यूट करून अर्काइव्हमध्ये टाकला की तो मुख्य यादीतूनही जातो आणि नवे निरोप आले तरी तिथेच राहतो. रात्री जेवणं उरकली की सवडीने उघडून सगळ्यांचे वाढदिवस, बारसं, लग्नपत्रिका बघून घ्या. उलट वर्गाचा जो अधिकृत ग्रुप आहे, तो पिन करून सगळ्यात वर ठेवा. मूल गृहपाठ बघायला आलं की त्याला तो पहिल्याच ओळीत सापडला पाहिजे, मधल्या वीस चर्चा ओलांडून जायची वेळ येता कामा नये. आपल्याला कुणीही कुठल्याही ग्रुपमध्ये घेऊ नये यासाठीही सेटिंग आहे, आणि ग्रुपवरचे फोटो-व्हिडिओ आपोआप गॅलरीत उतरू नयेत यासाठीही. हे दुसरं नक्की करा. गॅलरीत काय उतरतंय त्यावर आपलं नियंत्रण नसतं, आणि मूल गॅलरी उघडतंच.

मग येते पहिली स्क्रीन. फोन उघडल्यावर जे समोर दिसतं, त्यावर बोट जातं. त्यात विचार नसतो, सवय असते. म्हणून पहिल्या पानावर फक्त अशी कामं ठेवा जी आपण ठरवून करतो आणि करून बाहेर पडतो: फोन, निरोप, कॅमेरा, नकाशा, घड्याळ, बँक, रेल्वेचं तिकीट. ज्या ॲपला शेवटच नाही, ते पहिल्या पानावर नको. घरात लाडवाचा डबा वरच्या फळीवर ठेवतो, त्याचं कारण लाडू वाईट असतो असं नाही. जाता-येता हात जाऊ नये एवढंच असतं. अखंड चालणारी ॲप दुसऱ्या पानावरही न ठेवता फक्त नाव लिहून शोधल्यावर सापडतील अशी ठेवा. नाव टाइप करायला लागणाऱ्या दोन-तीन सेकंदांत ‘मी हे का उघडतोय?’ हा प्रश्न मनात यायला जागा मिळते.

शेवटच नाही असं का म्हणते, ते सांगते. पूर्वी संकेतस्थळाचं पान खाली संपायचं आणि ‘पुढे’ असं बटण दाबावं लागायचं. २००६ मध्ये ॲझा रास्किन या तरुणाने ते बटणच काढून टाकणारी रचना तयार केली: खाली सरकवत राहा, मजकूर येत राहील. पुढे त्यांनी स्वतःच जाहीरपणे याबद्दल खंत व्यक्त केली. पान संपणं ही थांबायची खूण होती, ती गेली. रील आणि शॉर्ट्स याच तत्त्वावर चालतात आणि त्यात आणखी एक भर असते: पुढचं चांगलं निघेल की कंटाळवाणं, हे आधी कळत नाही. कधी मिळेल ते ठाऊक नसलेलं बक्षीस प्राण्याला सगळ्यात जास्त काळ कळ दाबत ठेवतं, हे मानसशास्त्रज्ञ स्किनर यांनी विसाव्या शतकातच प्रयोगांतून दाखवलं होतं. बारा वर्षांच्या मुलाने या रचनेसमोर केवळ मनाच्या निर्धारावर टिकावं, अशी अपेक्षा ठेवणं मला न्याय्य वाटत नाही. तुम्ही आणि मीही टिकत नाही.

म्हणून ज्या फोनवरून मूल अभ्यास करतं, त्या फोनवर रीलचं ॲप नसावं, या मतावर मी ठाम आहे. खातं बंद करायला सांगत नाही. ॲप काढा, फार वाटलं तर ब्राउझरमधून उघडा. तिथे ते पुरेसं गैरसोयीचं असतं. यूट्यूबचं मात्र तसं करून चालत नाही. बीजगणिताचं उदाहरण अडलं की मुलं तिथेच जातात आणि तिथे खरोखर चांगलं शिकवणारी माणसं आहेत. त्यासाठी दोन गोष्टी करा. ऑटोप्ले बंद करा, म्हणजे एक व्हिडिओ संपला की थांबेल. आणि पाहिलेल्या व्हिडिओंचा इतिहास पुसून तो नोंदवणं बंद करा. २०२३ पासून यूट्यूबने अशी सोय ठेवली आहे की इतिहास बंद असेल तर पहिलं पान जवळजवळ रिकामं दिसतं, नुसती शोधायची पट्टी. मूल ‘अपूर्णांकांचा भागाकार’ शोधेल, तो बघेल आणि बाहेर येईल. तुम्ही रात्री पाहिलेल्या मालिकांचे तुकडे आणि राजकीय भांडणं त्याच्यासमोर येणार नाहीत. इतक्या थोड्या श्रमात इतका फरक पडणारं दुसरं सेटिंग मला माहीत नाही.

फोन मुलाच्या हातात देण्यापूर्वी आणखी एक करता येतं, जे फार थोड्या पालकांना ठाऊक असतं. अँड्रॉइड फोनमध्ये सुरक्षेच्या सेटिंगखाली ‘ॲप पिनिंग’ नावाची सोय असते. काही कंपन्यांनी तिला वेगळं नाव दिलेलं आहे, पण सेटिंगच्या शोधपट्टीत ‘पिन’ लिहिलं की बहुधा सापडते. ती सुरू केली की उघडलेल्या एका ॲपमध्ये फोन अडकून राहतो, आणि बाहेर पडताना तुमचा पिन क्रमांक मागावा असा पर्याय तिथेच असतो, तोही सुरू करा. आयफोनवर हेच काम ‘गाइडेड ॲक्सेस’ करतं. गृहपाठाचा ग्रुप उघडा, पिन करा, मग फोन द्या. यात आणखी एक मोठा लाभ आहे. त्याच फोनवर आपले पैसे असतात, गूगल पे असतं, फोनपे असतं, बँकेचे ओटीपी येतात. मुलाने चुकून किंवा कुणाच्या सांगण्यावरून तिथे जाऊ नये, याचीही सोय झाली.

काहीजण म्हणतील, लक्ष लागावं म्हणून एखादं ॲप घ्यावं का? झाडं वाढवणारी, गुण देणारी अशी पुष्कळ आहेत. माझा सल्ला ‘नको’ असाच आहे. गूगल आणि ॲपल या दोघांनीही २०१८ पासून वापराची मोजणी आणि वेळेची मर्यादा फोनमध्येच दिली आहे. अँड्रॉइडवर ‘डिजिटल वेलबीइंग’, आयफोनवर ‘स्क्रीन टाइम’. तेवढं पुरे. पडदा करडा करायची युक्तीही सांगितली जाते. रात्रीच्या वेळी ती बरी, दिवसा मात्र नकाशे आणि फोटो बघताना तिचा त्रासच होतो आणि माणूस दोन दिवसांत ती बंद करतो.

फोन वाजायचा थांबवा म्हटलं की एक भीती लगेच पुढे येते, आणि ती खरी आहे. गावी सासूबाई एकट्या असतात, रात्री काही झालं तर? त्यासाठी ‘डू नॉट डिस्टर्ब’मध्ये अपवाद ठेवता येतात. आईवडील, सासूसासरे, शाळा, शेजारी यांचे क्रमांक तारांकित करा आणि फक्त तारांकित माणसांचे फोन वाजतील असं ठेवा. त्याच जागी आणखी एक पर्याय असतो: एकाच क्रमांकावरून थोड्या वेळात दुसऱ्यांदा फोन आला तर तो वाजावा. घाबरलेला माणूस दोनदा फोन करतोच. एवढं केल्यावर संध्याकाळी सात ते साडेआठ फोन निःशब्द ठेवायला जीव घाबरा होणार नाही. आणि कर्ज देणाऱ्यांचे, प्लॉट विकणाऱ्यांचे फोन दुपारची झोप मोडत असतील, तर १९०९ या क्रमांकावर ते बंद करण्याची नोंद करता येते. ती नोंद घरातल्या प्रत्येक सिमसाठी वेगळी करावी लागते.

फोन राहतो कुठे, हाही मांडणीचाच भाग आहे. टेक्सास विद्यापीठातल्या एड्रियन वॉर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. सहभागी माणसांपैकी काहींचे फोन टेबलावर पालथे ठेवले, काहींचे खिशात किंवा पिशवीत, आणि काहींचे दुसऱ्या खोलीत. सगळे फोन गप्प होते. तरी ज्यांचे फोन दुसऱ्या खोलीत होते, त्यांनी लक्ष आणि स्मरणाची कामं टेबलावर फोन असलेल्यांपेक्षा चांगली केली. नंतरच्या काही संशोधकांना इतका फरक आढळला नाही, त्यामुळे हा शेवटचा शब्द मानू नका. पण मूल अभ्यासाला बसलं असताना त्याच्या वहीशेजारी फोन पालथा पडलेला असेल तर त्याची नजर कितीदा तिकडे जाते, हे तुम्ही स्वतः शेजारी बसून पाहा. चार्जर झोपायच्या खोलीतून काढून बैठकीच्या खोलीत न्या, घरातल्या सगळ्यांचे. पहाटेच्या गजरासाठी साधं गजराचं घड्याळ आणा. ‘गजर फोनवर आहे’ हेच कारण रात्री फोन उशाशी ठेवायला पुरतं, आणि मग झोप जाते.

इथे बाबांना एक वेगळं सांगायचं आहे. कचेरीचा ग्रुप रात्री नऊला वाजतो, तेव्हा तुम्ही ताटावरून उठून बघता, आणि समोर बसलेलं मूल ते शिकतं. वरिष्ठांचा निरोप टाळता येत नाही हे मला मान्य आहे. मग त्या एकाच माणसाला वाजायची परवानगी द्या आणि बाकी ग्रुप सकाळपर्यंत गप्प ठेवा. मुलाला ‘माझं कामाचं आहे’ हे सांगून पटत नाही, कारण त्याचंही त्याच्या दृष्टीने कामाचंच असतं.

मोठ्यांनी आधी करायचं, हे सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ मध्ये करून दाखवलं. संध्याकाळी सातला गावात भोंगा वाजतो, घरोघरी टीव्ही आणि मोबाईल बंद होतात, मुलं अभ्यासाला बसतात. साडेआठला पुन्हा भोंगा वाजतो. टाळेबंदीच्या काळातल्या ऑनलाइन शाळेनंतर मुलांच्या हातातून फोन सुटेना, त्यातून हा विचार निघाला. सुरुवातीला अंगणवाडी सेविका, ग्रामपंचायतीचे कर्मचारी, निवृत्त शिक्षक घरोघरी फिरून सांगत होते. मला यातली सर्वांत मोलाची गोष्ट अशी वाटते की आयांनी आपल्या मालिकेच्या वेळेला हात लावू दिला. मुलाला ‘तू बंद कर’ असं एकट्याला सांगितलं गेलं नाही. तुमच्या इमारतीत भोंगा नसेल, पण तुमच्या घराला ही वेळ ठरवता येईल, आणि वेळ ठरवताना मुलांनाही विचारा.

ज्यांच्या मुलांकडे आता स्वतःचा फोन आहे, अकरावी-बारावीतली मुलं आहेत, त्यांनी हे सगळं मुलांसोबत बसून करावं. चोरून फोन तपासू नका, चोरून मर्यादा लावू नका. ही मुलं मर्यादा उठवायची रीत आपल्यापेक्षा आधी शोधतात आणि त्यासोबत आपल्यावरचा विश्वास जातो. त्याऐवजी आधी स्वतःच्या फोनवरची वापराची नोंद उघडून त्यांना दाखवा, आकडा कितीही मोठा असो. मग त्यांची बघायला मागा. कुठलं ॲप किती वेळ खातंय, त्यातलं त्यांना स्वतःला काय नको वाटतंय, हे त्यांनाच ठरवू द्या. बहुतेक मुलांना रात्री दोनपर्यंत जागल्याचा स्वतःलाही त्रास होत असतो. ते कुणापाशी बोलायला जागा मिळत नाही एवढंच. आणि फोन काढून घेतल्यावर मूल हिंसक होत असेल, जेवण-झोप सुटली असेल, माणसांत येतच नसेल, तर सेटिंग बदलून भागणार नाही. टेलिमानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेत तर याच तक्रारींसाठी २०१४ पासून स्वतंत्र उपचार केंद्र चालतं. तिथे मदत मागण्यात काहीही कमीपणा नाही.

शेवटी एक विनंती, आणि ती मी शिक्षिका म्हणून करते आहे. इतकं सगळं आवरूनही गृहपाठ जर ग्रुपवरच येत राहिला तर मुलाला रोज संध्याकाळी फोन हातात घ्यावाच लागेल. तो गृहपाठ फळ्यावर लिहिता येतो आणि मुलांना वहीत उतरवून घेता येतो. टाळेबंदीपूर्वी बहुतेक शाळा तसंच करत होत्या. ग्रुप सूचनांसाठी राहू द्या, गैरहजर मुलांसाठी राहू द्या. पण रोजचा गृहपाठ वहीत द्या, अशी मागणी तुमच्या शाळेकडे लेखी करा, आणि एकट्याने न करता वर्गातल्या सगळ्या पालकांच्या सह्या घेऊन करा. एका पालकाचं म्हणणं बाजूला राहू शकतं. पूर्ण वर्गाच्या सह्या असतील तर शाळेला उत्तर द्यावंच लागेल.